अण्णा भाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ साठे (जन्म : वाटेगाव, १ ऑगस्ट १९२०, मृत्यू : मुंबई, १८ जुलै १९६९) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, लोकनाट्यकार व शाहीर होते. सुमारे ३५ कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, छक्कड व एक प्रवासवर्णन असे विपुल लेखन त्यांनी केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील अग्रणी शाहिरांमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या सात कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. मराठी चित्रपटसृष्टीशी लेखक म्हणून इतका निकटचा संबंध आलेले ते दलित समाजातील पहिल्या पिढीचे साहित्यिक होत. त्यांच्या कथा पडद्याला हव्याशा वाटल्या. परंतु त्या कथा सांगणाऱ्या माणसाला त्या व्यवसायात स्थिर स्थान मिळाले नाही. हा विरोध त्यांच्या जीवनात आरंभापासून अखेरपर्यंत दिसतो.

बालपण व शिक्षण

अण्णा भाऊंचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (सध्या सांगली जिल्हा) वाळवा तालुक्यात वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. त्यांच्या आईचे नाव वालुबाई. धाकटे बंधू शंकर भाऊ साठे हेही पुढे लेखक झाले. ब्रिटिश राजवटीने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच या परिसरातील मांगवाड्यांनाही सोसावा लागला होता. या कायद्याखाली माणूस जन्मतःच संशयित ठरे. त्याला ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. हजेरीचा हा अनुभव अण्णा भाऊंनी लहानपणी जवळून पाहिला व ऐकला. 'फकिरा' या कादंबरीचे बीज त्यातच आहे.

त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे. शाळेत मिळालेल्या भेदभावाच्या वागणुकीमुळे त्यांनी शाळा सोडली ती कायमचीच. मात्र गावातील लोककलांचे शिक्षण त्यांना भरपूर मिळाले. पोवाडे, लावण्या व कथा त्यांना मुखोद्गत असत. दांडपट्टा फिरवण्यातही त्यांनी नैपुण्य मिळवले होते.

मुंबईतील आगमन

१९३० नंतरच्या मंदीच्या काळात गावी पोट भरेना, म्हणून साठे कुटुंबाने मुंबईची वाट धरली. गाडीभाड्यापुरते पैसे नसल्याने हा प्रवास त्यांनी पायी, वाटेत मिळेल ते काम करीत केला. मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, कोळसे वेचले, फेरीवाल्याचे काम केले आणि पुढे कापडगिरणीत मजुरी केली.

याच काळात चित्रपटाशी त्यांचा पहिला परिचय झाला. मूकपटांचे युग संपत आले होते व बोलपट नुकतेच सुरू झाले होते. थोडे पैसे हाती आले की ते चित्रपट पाहत. भिंतींवरची चित्रपटांची भित्तिपत्रके आणि दुकानांच्या पाट्या लावून वाचता वाचता त्यांची अक्षरओळख पक्की झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या माणसाला शाळेने अक्षर दिले नाही, त्याला ते काही अंशी चित्रपटांच्या जाहिरातींनी दिले, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या संदर्भात लक्षणीय आहे.

मध्यंतरी ते काही काळ वाटेगावी परतले व नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात सामील झाले. फडात त्यांनी वाद्ये वाजवली, सोंगे वठवली, गाणी रचली. रंगमंचावर प्रवेश केव्हा करायचा, बोलणे कोठे तोडायचे आणि प्रेक्षकाचे हसणे ओसरण्यापूर्वी पुढचा टोला कसा द्यायचा, हे त्यांना फडाने शिकवले. १९४२ च्या आंदोलनात सहभागी झाल्यानंतर ते पुन्हा मुंबईस आले.

कलापथक व लोकनाट्य

मुंबईत माटुंगा लेबर कॅम्प या कामगारवस्तीत ते कम्युनिस्ट चळवळीच्या संपर्कात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रचलेला स्टॅलिनग्राडचा पोवाडा गाजला. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' स्थापन केले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'माझी मुंबई' ही त्यांची लोकनाट्ये कामगार मैदानांवर व गावोगावी झाली.

पारंपरिक तमाशातील गण त्यांनी ठेवला, परंतु देवाऐवजी श्रमिक व देशभक्त यांना वंदन केले. गवळण त्यांनी वगळली. राजाराणीच्या वगाच्या जागी सावकार, गिरणीमालक, पुढारी व शेतकरी आणले. तत्कालीन मुंबई राज्यात तमाशावर व कलापथकावर सरकारी निर्बंध आले, तेव्हा 'लोकनाट्य' हे नाव अधिक रूढ झाले. तमाशाला या नावाने पांढरपेशा समाजातही प्रतिष्ठा मिळू लागली.

भारतीय जननाट्य संघ अर्थात इप्टा या देशव्यापी संघटनेतही त्यांनी महत्त्वाची जबाबदारी सांभाळली व तिचे अध्यक्षपद भूषवले. ख्वाजा अहमद अब्बास, बलराज साहनी, कैफी आझमी, शैलेंद्र असे अनेक कलावंत या संघटनेच्या वर्तुळात होते. इप्टाने १९४६ मध्ये अब्बास यांच्या दिग्दर्शनाखाली 'धरती के लाल' हा चित्रपटही काढला. या वर्तुळातील अनेकांनी पुढे हिंदी चित्रपटात लेखक, गीतकार किंवा अभिनेते म्हणून कायमचा जम बसवला. त्यासाठी हिंदी-उर्दूवर प्रभुत्व, शिक्षण आणि स्टुडिओंच्या दिवाणखान्यांतील ओळखीपाळखी लागत. अण्णा भाऊंचे सामर्थ्य मराठी बोलीत, डफ-तुणतुण्यात व समोर बसलेल्या श्रोत्यांत होते. बरोबरीचे कलावंत स्टुडिओंत स्थिरावले, ते मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच राहिले.

साहित्य

चिरागनगरच्या झोपडीतच त्यांचे पुष्कळसे लेखन झाले. 'फकिरा', 'वारणेचा वाघ', 'चित्रा', 'वैजयंता', 'माकडीचा माळ', 'आवडी', 'चिखलातील कमळ', 'अलगूज' या त्यांच्या प्रसिद्ध कादंबऱ्या. 'खुळंवाडा', 'बरबाद्या कंजारी', 'चिरागनगरची भुतं' हे कथासंग्रहही वाचकप्रिय ठरले.

१९५९ साली प्रसिद्ध झालेली 'फकिरा' ही त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य व खजिना लुटणाऱ्या आणि अखेरीस ब्रिटिश सत्तेपुढे प्राणार्पण करणाऱ्या मातंग वीराची ती कथा आहे. वि. स. खांडेकर यांनी तिला प्रस्तावना लिहिली. अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्यांची सरकारी कागदांत गुन्हेगार म्हणून नोंद होती, त्यांना या कादंबरीने नायक केले.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊंच्या हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोलली आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घरोघरी पोहोचली. गावी राहिलेल्या प्रियेचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा विरह त्यांनी तिच्यात एकत्र गुंफले.

चित्रपटांशी संबंध

पार्श्वभूमी

भारतीय चित्रपटाला अस्पृश्यतेचा विषय नवा नव्हता. प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये संत एकनाथांच्या चरित्राच्या निमित्ताने हा प्रश्न आला. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या' (१९३६) मध्ये देविका राणी यांनी आणि बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्ये नूतन यांनी अस्पृश्य नायिका रंगवली. हे चित्रपट सहृदयतेने काढलेले होते. तथापि त्यांतील दलित पात्र बहुधा सोशिक, शालीन व दयेस पात्र असे. त्याची कथा लिहिणारा व त्याला चेहरा देणारा कलावंत सहसा त्या समाजातला नसे. याउलट, मल्याळम भाषेतील पहिल्या चित्रपटात पी. के. रोझी या दलित अभिनेत्रीने नायर स्त्रीची भूमिका केली, तेव्हा प्रेक्षकांतील उच्चवर्णीयांनी गोंधळ घातला आणि तिला प्रांत सोडून जावे लागले.

मराठी चित्रपटात त्या काळी प्र. के. अत्रे, वि. स. खांडेकर, ग. दि. माडगूळकर अशा नामवंत साहित्यिकांनी पटकथा व संवाद लिहिले. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' पासून तमाशा हा मराठी पडद्याचा आवडता विषय झाला आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या अनंत माने दिग्दर्शित चित्रपटाच्या अपूर्व यशानंतर तमाशापटांची लाट आली. तमाशा ही कला मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनी जोपासलेली होती. पडद्यावर मात्र ढोलकी-घुंगरांना मागणी आली, तरी फडातील मूळ कलावंतांना त्या प्रमाणात वाव मिळाला नाही.

कादंबऱ्यांवरील चित्रपट

अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या याच सुमारास निर्मात्यांच्या नजरेत भरल्या. त्यांचे कथानक वेगवान असे. पात्र प्रथम कृतीतून दिसे, मग बोले. संवाद आटोपशीर व बोलीतले असत. वारणाकाठचे डोंगर, ओढे, वाडे, जत्रा व पाठलाग यांची वर्णने कॅमेऱ्यासाठीच केल्यासारखी वाटत. त्यांच्या कादंबऱ्यांवरून पुढील चित्रपट निघाले :

• वैजयंता (१९६१) – 'वैजयंता' या कादंबरीवरून
• फकिरा (१९६३) – 'फकिरा' वरून
• टिळा लाविते मी रक्ताचा (१९६९) – 'आवडी' वरून
• डोंगरची मैना (१९६९) – 'माकडीचा माळ' वरून
• मुरली मल्हारीरायाची (१९६९) – 'चिखलातील कमळ' वरून
• वारणेचा वाघ (१९७०) – 'वारणेचा वाघ' वरून
• अशी ही साताऱ्याची तऱ्हा (१९७४) – 'अलगूज' वरून

'वैजयंता' चे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांनी केले व जयश्री गडकर यांनी नायिका साकारली. कादंबरीची नायिका तमाशा कलावंतीण असून तिच्याकडे लेखक फडाच्या आतून पाहतो. नाचणारी बाई ही कष्ट करून पोट भरणारी स्त्री आहे व तिला स्वतःचा मान आहे, ही त्याची भूमिका. 'फकिरा' मध्ये सूर्यकांत यांनी शीर्षकभूमिका केली. या चित्रपटात अण्णा भाऊंनी स्वतःही एक भूमिका केली.

या यादीकडे एकत्रितपणे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. 'माकडीचा माळ' ही भटक्या जमातींच्या पालांवरील जीवनाची कादंबरी. 'चिखलातील कमळ' ही देवाला सोडलेल्या मुरळ्यांच्या प्रश्नावरील. पडद्यावर येताना त्यांची नावे बदलली. माकडीच्या माळाची डोंगरची मैना झाली आणि चिखलाचा उल्लेख जाऊन मल्हारीराया आला. 'आवडी' व 'अलगूज' यांनाही नवी नावे मिळाली. तिकीटबारीसाठी नाव बदलणे ही चित्रव्यवसायातील सर्वसाधारण रीत आहे. परंतु सातपैकी चार कादंबऱ्यांची नावे बदलली आणि नव्या नावांतून माळ व चिखल हे शब्द नाहीसे झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आर्थिक बाजू

अण्णा भाऊंच्या काळी पुष्कळ मराठी लेखक पुस्तकाचे हक्क एकरकमी देऊन टाकीत. नित्याच्या गरजेमुळे अण्णा भाऊंनाही हेच करावे लागे, त्यामुळे पुस्तकांच्या पुढील आवृत्त्यांचा फारसा लाभ त्यांना मिळाला नाही. चित्रपटांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, तरी त्यांचे राहणीमान पालटले नाही. चित्रपटाचा नफा भांडवल, वितरण व चित्रपटगृहे यांच्या साखळीत वाटला जातो. ज्याच्यापाशी केवळ कथा आहे, तो त्या साखळीच्या टोकाला राहतो. हे त्या काळच्या बहुतेक लेखकांच्या बाबतीत खरे होते. पण इतर लेखकांना नोकरी, शेती, घर किंवा वृत्तपत्र यांचा आधार असे. अण्णा भाऊंना असा दुसरा आधार नव्हता.

अमेरिकेतील समांतर उदाहरण

अण्णा भाऊंच्या या अनुभवाची तुलना अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रपटकार ऑस्कर मिशो (१८८४–१९५१) यांच्याशी करता येते. मिशो हेही शेतमजुरी व हमाली करून वर आलेले कादंबरीकार. स्वतः छापलेली पुस्तके ते दारोदार विकत. त्यांच्या एका कादंबरीवर चित्रपट काढण्याची इच्छा लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्याच संस्थेने दर्शवली. दिग्दर्शन आपणच करणार, ही मिशो यांची अट तिने मान्य केली नाही. तेव्हा त्यांनी वाचकांकडून व शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे करून स्वतःची कंपनी काढली आणि १९१९ मध्ये 'द होमस्टेडर' हा चित्रपट पूर्ण केला. पुढील सुमारे तीस वर्षांत त्यांनी चाळीसहून अधिक चित्रपट काढले. पॉल रोबसन यांचे पडद्यावरील पदार्पणही त्यांच्याच 'बॉडी अँड सोल' (१९२५) या चित्रपटातून झाले.

दोघांच्या परिस्थितीत एक महत्त्वाचा फरक होता. अमेरिकेत वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांसाठी वेगळी चित्रपटगृहे होती. हा अन्यायच होता, पण त्यामुळे मिशो यांच्यासारख्याला एक स्वतंत्र बाजारपेठ मिळाली. महाराष्ट्रातील दलित प्रेक्षक गावातील तंबूत किंवा शहरातील चित्रपटगृहात इतरांसह तेच चित्रपट पाहत होता. त्याच्या पैशांवर उभा राहील असा वेगळा चित्रव्यवसाय येथे निर्माण झाला नाही. त्याचा स्वतःचा मंच होता तो जलशाचा, शाहिरीचा व कलापथकाचा. त्या मंचावर लेखन, दिग्दर्शन, गायन व अभिनय या सर्वांची सूत्रे अण्णा भाऊंच्या हाती होती. चित्रपटात मात्र ती इतरांकडे गेली. म्हणून चित्रपटकलेच्या दृष्टीने त्यांच्या योगदानाचा विचार करताना केवळ सात चित्रपटांची यादी पुरेशी ठरत नाही. त्यांची लोकनाट्येही त्याच दृष्टीने पाहावी लागतात.

रशियाचा प्रवास

१९६१ मध्ये अण्णा भाऊंनी सोव्हिएत रशियाला भेट दिली. त्यावर आधारित 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. 'चित्रा' ही कादंबरी व स्टॅलिनग्राडचा पोवाडा यांची रशियन भाषांतरे तेथे पूर्वीच परिचित झाली होती. परदेशी सन्मानाने जाऊन आलेला हा लेखक मायदेशी परतला तो पुन्हा चिरागनगरच्याच झोपडीत.

अखेरचा काळ

अण्णा भाऊंची अखेरची वर्षे हलाखीत व एकाकीपणात गेली. प्रकृती खालावली होती आणि लेखनाचा पूर्वीचा वेग राहिला नव्हता. अखेरच्या काळात ते गोरेगाव येथील सिद्धार्थनगरमध्ये राहण्यास गेले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कादंबऱ्यांवरील तीन चित्रपट त्याच १९६९ सालचे आहेत, तर आणखी दोन त्यांच्या मृत्यूनंतर आले. पडद्यावर त्यांच्या कथांना सर्वाधिक मागणी असण्याचा काळ आणि त्यांच्या जीवनातील सर्वाधिक विपन्नावस्थेचा काळ जवळजवळ एकच होता.

वारसा व गौरव

१९७० नंतरच्या दलित साहित्याने अण्णा भाऊंना आपल्या पूर्वसूरींमध्ये स्थान दिले. अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून नाव घेऊन १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य व दलित साहित्य यांची तुलना मराठीत रूढ झाली. चित्रपटाच्या क्षेत्रात असा बदल घडण्यास अधिक काळ लागला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वाढलेले, वडार समाजातील नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' (२०१३) व 'सैराट' (२०१६) या चित्रपटांचे लेखन व दिग्दर्शन स्वतः केले. गावकुसाबाहेरील जीवनाची कथा, तिचे लेखन आणि तिचे दिग्दर्शन ही तिन्ही त्या जीवनातून आलेल्या एकाच कलावंताच्या हाती येण्यास अण्णा भाऊंच्या निधनानंतर चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

महाराष्ट्र शासनाने मातंग समाजाच्या उन्नतीसाठी स्थापन केलेल्या महामंडळाला अण्णा भाऊंचे नाव देण्यात आले आहे. मुंबईत भायखळा येथील नाट्यगृहालाही त्यांचे नाव आहे. भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथील परकीय साहित्याच्या रुदोमिनो ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. त्यांच्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या अद्याप निघत असून अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत त्यांच्या साहित्याचा समावेश आहे. सांगलीपासून वाशीमपर्यंत महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांत दरवर्षी १ ऑगस्ट रोजी, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांची जयंती साजरी होते.